एका बॅकच्या जमेच्या बाजू

मला माणसं तपासायची खोड आहे. लग्नाच्या पंगतीत बसलो तरी वाढणाऱ्याचा कुठला खांदा दुखतोय हे मी आधी बघतो, जिलबी नंतर. बायको म्हणते, तुमच्यासमोर चालायचीसुद्धा चोरी. तिचं खरं आहे. हुबळीतल्या केशवापूरच्या आमच्या गल्लीतून सकाळी जो जो जातो त्याची चाल मला पाठ आहे, कोण कुठल्या पायावर जोर देतो तेही. या खोडीची मला बरीच वर्षं घमेंड होती. आता नाही. ती कशी गेली ते लिहायचं कित्येकदा मनात आलं आणि तेवढ्याच वेळा मी ते टाळलं.

आमचं घर मूळचं निपाणीकडचं. आजोबा हुबळीत आले, लॅमिंग्टन रोडवर भांड्यांचं दुकान टाकलं, आणि पुढच्या सगळ्यांनी तिथंच बसावं असं ठरलेलं होतं. मी बसलो नाही. शाळेत हातात हॉकीची स्टिक आली आणि मी वाया गेलो, असं घरचे म्हणत. मी गोलकीपर झालो. त्याच जोरावर शहराबाहेरच्या एका कारखान्यात नोकरी लागली. कारखान्याचा स्वतःचा हॉकी संघ होता. खेळणाऱ्यांना कायम नोकरी, सकाळ-संध्याकाळ मैदान, मधल्या वेळात कागद इकडून तिकडं करायचे. तिशीच्या आतच माझे गुडघे गेले. मग मला गोलच्या पुढून काढून गोलच्या मागं बसवलं, हातात वही देऊन.

ती वही मास्तरांची कल्पना. मास्तर म्हणजे आमचे प्रशिक्षक, मूळचे धारवाडचे, घरात कानडी बोलणारे, मराठी उत्तम समजणारे आणि राग आला की दोन्ही भाषा विसरून नुसतं बघत राहणारे. प्रत्येक खेळाडूचा एक लांब कागद असायचा. मधोमध आडवी घडी. घडीच्या वर जमेच्या बाजू, खाली उणिवा. लिहायचं मी, कारण अक्षर माझं चांगलं आणि जागा माझी सोयीची. दर शनिवारी सरावानंतर सगळे पाण्याच्या टाकीपाशी गोल करून बसत आणि मी एकेकाचा कागद वाचायचो. पण फक्त घडीच्या खालचा. उणिवा चारचौघांत, मोठ्यानं, ज्याच्या त्याच्या तोंडावर. ज्याला त्यावर काही बोलायचं असेल त्यानं तिथंच बोलायचं. बाकीचेही आपली भर घालत, थट्टा करत, आणि खरं काय ते बाहेर पडत असे. घडीच्या वरचा भाग मात्र मी आणि मास्तर सोडून कोणी कधी पाहिला नाही. कौतुक ऐकलं की पाय जड होतात असं मास्तरांचं मत होतं. मलाही ते पटायचं. आज वाटतं, आमच्या या पद्धतीत एक मोठं भोक होतं. माणसाची उणीव चुकीची लिहिली तर दहा जण उठून ती खोडून काढत. जमेची बाजू चुकीची लिहिली तर ती तशीच राहायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी अळणावरच्या बाजूला एका गावात सामने बघायला गेलो होतो. नारळ आणि ढाल एवढंच बक्षीस असलेले सामने. तिथं मला हा बॅक, म्हणजे गोलपुढं बचाव करणारा, दिसला. नाव लिहीत नाही. आम्ही सगळे त्याला बॅकच म्हणायचो आणि त्यालाही ते आवडायचं. वय बावीसच्या आसपास. भाताची थोडी शेती आणि बाकी दिवस मोलमजुरी करणारं घर. शाळेच्या वेळी धारवाडला वसतिगृहात राहून हॉकी शिकलेला. अंगानं आडवा, पाय जमिनीत रोवल्यासारखे. समोरून कोणीही चेंडू घेऊन येऊ दे, हा त्याला बरोबर आपल्या उजव्या हाताला वळवायचा आणि तिथं काढून घ्यायचा. हॉकीत बॅकला पहिला धडा हाच देतात, की समोरच्याला तुझ्या उजवीकडं ढकल, कारण स्टिकची सपाट बाजू तिकडं असते. पण दहातले तीन प्रसंग असे येतात की माणूस गडबडतो. हा गडबडत नव्हता. दहाच्या दहा वेळा उजवीकडं.

मी दुसऱ्याच दिवशी मास्तरांना सांगितलं, "बॅक सापडला."

त्याला एका वर्षाच्या तात्पुरत्या नोकरीवर घेतलं. वर्षभर खेळ बघायचा, माझा कागद बघायचा, आणि मग कायम करायचं की परत पाठवायचं ते ठरवायचं, अशी रीत होती. तो एका खोलीत तिघांबरोबर राहायचा. महिन्यातून एकदा त्याचे वडील अळणावरहून यायचे. त्यांना सगळे अप्पा म्हणत. मैदानाच्या कडेला उकिडवे बसून ते सराव बघायचे. खेळातलं काही कळत नव्हतं त्यांना. मुलाच्या अंगावर चेंडू आला की ते डोळे मिटून घ्यायचे.

पहिल्या सहा महिन्यांत मी त्याच्या कागदावर जे लिहिलं ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. घडीच्या वर: समोरच्याला नेहमी उजवीकडे वळवतो. पाय पक्के. घाबरत नाही. चेंडू अंगावर आला तरी तोंड फिरवत नाही. घडीच्या खाली: डावीकडे पास देत नाही. मान वाकडी धरतो. डावा हाफ ओरडल्याशिवाय त्याच्याकडे बघत नाही.

शनिवारी मी खालचं वाचायचो आणि सगळे हसायचे. डावा हाफ, म्हणजे त्याच्या पुढं डावीकडं खेळणारा, मला म्हणायचा, "अण्णा, लिहा की, याचं माझ्याशी भांडण हाय." बॅकही हसायचा, मान खाली घालून. मास्तर त्याला डावीकडं पास द्यायचा जादा सराव द्यायचे. तो निमूटपणे करायचा. हाक ऐकू आली की बरोबर द्यायचा, हाक आली नाही की नाही.

आणि घडीच्या वरचं चौथं वाक्य मी मोठ्या कौतुकानं लिहिलेलं होतं. आमचं मैदान मुरमाचं. कधी बारीक खडा लागून चेंडू कुठून उसळेल याचा नेम नाही. भलेभले खेळाडू शेवटच्या क्षणी तोंड वळवतात, ते आपोआप होतं, त्यात लाज नाही. मी स्वतः जाळीचा मुखवटा घालून खेळायचो तरी डोळे मिटायचो. हा मात्र उघड्या तोंडानं तसाच उभा. दोनदा त्याच्या छातीवर चेंडू बसला, एकदा कानाला चाटून गेला. कानातून रक्त आलं तेव्हा तो म्हणाला, "आला कवा ते कळलंच न्हाई." आम्हाला वाटलं, काय छाती आहे.

मी गोलच्या मागं बसायचो. मला सगळ्यांची पाठ दिसायची. बॅकचे डोळे मी जवळून, उजेडात, नीट कधी पाहिलेच नव्हते. तपासायची एवढी खोड असलेल्या माणसाकडून हे राहून गेलं.

दसऱ्याच्या आधी धारवाडला एक सामना होता. आम्ही जिंकलो. संध्याकाळी बसला वेळ होता म्हणून मी आणि बॅक सुभाष रोडवर हिंडत होतो. त्याला अप्पांसाठी चपला घ्यायच्या होत्या. गर्दी होती. चालताना माझ्या लक्षात आलं की मी त्याच्या डाव्या बाजूला आलो की तो थोडा मागं राहतो आणि वळसा घालून मला आपल्या उजव्या हाताला घेतो. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी मुद्दाम डावीकडं गेलो. त्यानं पुन्हा तेच केलं. मग मी गिरमिट, म्हणजे धारवाडकडचे कांदा-मसाला लावलेले चुरमुरे, घेतलं, दोन कागदात, आणि एक कागद त्याच्या डाव्या बाजूनं पुढं धरला. तो समोर बघत बोलत राहिला. त्याला भूक लागलेली होती, मघापासून तोच गिरमिट गिरमिट करत होता, आणि मी कागद त्याच्या गालापासून वीतभर अंतरावर धरून उभा होतो. एक सायकलवाला त्याच बाजूनं आला. त्याचं हँडल बॅकच्या कोपरावर आपटलं तेव्हा कुठं बॅक दचकला.

मी गिरमिटाचा कागद खाली ठेवला आणि हाताची बोटं त्याच्या डाव्या डोळ्याजवळ नेली. इतकी जवळ, की पापण्यांचे केस लागावेत. पापणी हलली नाही.

सहा महिन्यांचा कागद माझ्या डोळ्यांपुढून सरकला, वरचा आणि खालचा. उजवीकडं वळवतो, कारण डावीकडचा माणूस त्याला दिसतच नाही. डावीकडं पास देत नाही, मान वाकडी धरतो, हाक मारल्याशिवाय बघत नाही. आणि चेंडू अंगावर आला तरी तोंड फिरवत नाही, कारण एका डोळ्याच्या माणसाला चेंडू किती जवळ आलाय ते कळत नाही. सगळं मीच लिहिलेलं, माझ्याच सुवाच्य अक्षरात, आणि मलाच ते वाचता आलं नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यानं कोपर चोळलं. मग म्हणाला, "धा वर्साचा व्हतो. अप्पा लाकडं फोडत व्हते. ढलपी उडाली."

"काहीच दिसत नाही?"

"न्हाई. वरनं डोळा धड हाय, आत अंधार हाय."

"मग नोकरीच्या वेळी डोळे तपासले तेव्हा?"

"रांगंत सातवा व्हतो. पुढच्या सा जनांनी वाचलं. पाठ झालं."

त्याला हसू आलं होतं, मलाही येणार होतं, पण आलं नाही. सुभाष रोडवर माणसं आम्हाला धक्के देत जात होती आणि प्रत्येक धक्का त्याला डावीकडून अचानक लागत होता.

"अण्णा," तो म्हणाला, "लिवू नका. सा म्हैने राहिलेत. कायम झालो की मी सोताच सांगतो. अप्पांची शपत. त्यास्नी आजून झोप लागत न्हाई त्या ढलपीपायी."

मी शब्द दिला. त्यात दया होती, हे खोटं नाही. पण सगळी दयाच होती असं म्हणालो तर ते खोटं होईल. हा बॅक माझा शोध होता. त्याच्यामुळं आम्ही जिंकत होतो, आणि जिंकलो की मास्तर लोकांना माझ्याकडं बोट दाखवून सांगायचे, "नोड्री, बघा याची नजर." त्या नजरेला सहा महिने एक आंधळा डोळा दिसला नाही, हे चारचौघांत वाचून दाखवायची माझी तयारी नव्हती.

त्यानंतरचे दिवस मी सुखानं काढले नाहीत. सराव बघताना माझं लक्ष चेंडूवर नसायचं, त्याच्या मानेवर असायचं. तो मान डावीकडं वळवून उभा राहायचा आणि आता मला कळत होतं का. उजवा डोळा मध्यावर आणायला. म्हणजे जो डोळा चांगला, तोच तो नेमका चेंडूच्या वाटेत ठेवायचा. हे मला ज्या सकाळी उमगलं त्या सकाळी मी वही मिटून घरी निघून गेलो. गुडघा दुखतोय असं सांगितलं.

मी स्वतःची समजूत घालत होतो. बॅक म्हणून खेळताना त्याला आवाजावरून पुष्कळ कळायचं. सामन्यात त्याच्या डावीकडच्या हाफला मी सांगून ठेवलं, सारखा बोलत राहा रे. कारण सांगितलं नाही. तो बिचारा आकाशवाणीसारखा अखंड बोलायचा आणि मास्तर वैतागायचे. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. एकही मोठा मार लागला नाही. सहा महिन्यांचे दोन राहिले. मला वाटायला लागलं की निभावेल.

फेब्रुवारीत आमच्याच मैदानावर मोठी स्पर्धा होती. बाहेरचे संघ आले होते. उत्तरेकडच्या एका संघात एक फटकेबाज होता, उंच, लांब हातांचा. तो सरावात गोलमागच्या फळीवर चेंडू मारायचा तेव्हा रस्त्यावरची माणसं वळून बघायची. पहिल्याच दिवशी गोलच्या रेषेवरच्या एका खेळाडूचं मनगट त्यानं मोडलं. संध्याकाळी मास्तरांनी मला पेनल्टी कॉर्नरचं ठरवायला बोलावलं.

पेनल्टी कॉर्नर म्हणजे काय ते सांगायला हवं. बचाव करणारे गोलकीपरसह पाच जण गोलच्या रेषेवर उभे राहतात. बाहेरून चेंडू आत ढकलला जातो, डीच्या, म्हणजे गोलपुढच्या अर्धवर्तुळाच्या, कडेला तो अडवतात, आणि त्यांचा फटकेबाज जीव खाऊन गोलवर मारतो. चेंडू ढकलला की रेषेवरच्या एकानं थेट त्या फटकेबाजाच्या अंगावर धावून जायचं असतं. फटका मारायच्या आत पोचलं तर उत्तम. नाही पोचलं तर निदान वाट अडते. पुढं काही वर्षांनी या धावणाऱ्यांना तोंडावर घालायला मुखवटे आले. तेव्हा नव्हते. तेव्हा उघडं तोंड घेऊन धावायचं.

"पहिला कोण पळणार?" मास्तरांनी कानडीत विचारलं. आमचा नेहमीचा पहिला धावणारा तापानं पडला होता.

मी दोन-तीन नावं घेतली. मास्तरांनी नाही अशी मान हलवली. त्यांनी माझेच कागद पुढं ओढले, घड्या उघडल्या आणि एकेका कागदाचा वरचा भाग वाचत गेले. बॅकच्या कागदावर त्यांचं बोट थांबलं.

"तू लिहिलंयस," ते म्हणाले. "चेंडू अंगावर आला तरी तोंड फिरवत नाही."

मी काहीतरी बोललो. तो बॅक आहे, त्याला मागं ठेवू, पाय जड आहेत, असलं काहीतरी.

"पाय पक्के, असं तूच लिहिलंयस," मास्तर म्हणाले. "जड कुठं लिहिलंयस?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मास्तर चांगले होते, समजून घेतलं असतं, कदाचित त्यांनीच काही मार्ग काढला असता. बाहेर पोरं पाणी मारून मैदान बसवत होती, त्याचा वास आत येत होता. मी कागदाकडं बघत राहिलो. दिलेला शब्द आठवला आणि खरं सांगायचं तर मला त्या शब्दाचा आधार वाटला. माझी जीभ बांधलेली आहे, आता मी काय करणार, असं म्हणायची सोय झाली.

मास्तरांनी पेनानं त्या वाक्याखाली रेघ ओढली.

मी बॅकला गाठलं. तो स्टिकला नवी पट्टी गुंडाळत होता.

"नाही म्हण," मी सांगितलं.

"न्हाई म्हटलं तर का म्हनून इचारतील."

"मग मी सांगतो मास्तरांना. आत्ता सांगतो."

त्यानं पट्टी दातानं तोडली. "तुमी शब्द दिलाय, अण्णा. दोन म्हैने राहिलेत. एक कॉर्नर, दोन कॉर्नर. किती येनार हायत?"

"तो मारतो कसा बघितलंस ना?"

"आवाज ऐकलाय," तो म्हणाला. "मी त्याच्यापतुर पोचतो की. मारायच्या आत पोचलो की झालं."

त्याला त्याच्या पायांची खात्री होती. त्याच्या जमेच्या बाजू कोणी त्याला कधी वाचून दाखवल्या नव्हत्या, तरी एवढी एक त्याला ठाऊक होती. मी परत मास्तरांच्या खोलीकडं गेलो. दिवा होता. दारापर्यंत गेलो, आत ते कोणाशी तरी हसत बोलत होते. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि घरी आलो. जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सामना. ऊन चांगलंच होतं. अप्पा आले होते, नव्या चपला घालून, नेहमीच्या जागी उकिडवे. मी गोलच्या मागं माझ्या खुर्चीवर. पहिल्या अर्ध्यात एक कॉर्नर मिळाला त्यांना. बॅक सुटला तो तीरासारखा, फटकेबाज स्टिक उचलतो न उचलतो तोच त्याच्या पायात. चेंडू बाहेर. सगळं मैदान उभं राहिलं. मास्तरांनी लांबून माझ्याकडं बघून अंगठा दाखवला. मी हात वर केला. त्या क्षणी मला खरंच वाटलं की मी उगाच भितो आहे.

दुसरा कॉर्नर शेवटी मिळाला. पाच-सात मिनिटं उरली होती. बॅक रेषेवर वाकून उभा राहिला. माझ्यापासून तो पंधरा पावलांवर होता. मान डावीकडं वळलेली, डावा कान गोलमागच्या फळीकडं. मी खुर्चीवरून उठलो. का उठलो ते सांगता येत नाही. मी त्याला हाकही मारली असेन, पण गोंगाटात माझी मलाच ऐकू आली नाही.

चेंडू ढकलला गेला. तो पळाला. या वेळी त्यांनी चेंडू नेहमीच्या जागी न अडवता हातभर डावीकडं अडवला. बॅकच्या डावीकडं. दोन्ही डोळे असलेल्या माणसानं धावता धावता दिशा बदलली असती. तो सरळ गेला. शेवटच्या तीन पावलांत त्याला कळलं असावं, कारण त्यानं मान झटक्यात आणखी डावीकडं वळवली, चांगल्या डोळ्यानं शोधायला. फटका बसला. खडा लागला की काय, चेंडू उठला.

आवाज वेगळा होता. फळीचा नव्हता.

तो पडला नाही लगेच. दोन पावलं चालला, स्टिक हातातच होती, मग गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हात तोंडावर घेतले. बोटांमधून रक्त येत होतं ते मुरमावर पडत होतं. मी पळालो, गुडघे होते तसे. पोचलो तेव्हा तो अगदी शांतपणे विचारत होता, "गोल झाला काय? झाला काय गोल?" कोणीतरी म्हणालं, नाही झाला. तो म्हणाला, "मग दिवे का घालवले?"

भर दुपार होती. बाकीच्यांना वाटलं मार लागून बरळतोय. मी त्याचं डोकं धरून बसलो होतो, मला कळलं.

दवाखान्यात आम्ही तिघं बाकावर बसलो. मी, मास्तर, आणि मध्ये अप्पा. अप्पांनी चपला काढून बाकाखाली ठेवल्या होत्या. मास्तर सारखे उठत, दारापर्यंत जात, परत येत. त्यांनी एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं आता सांगावं. मी पाणी प्यायला गेलो आणि परत आलो तेव्हाही सांगितलं नाही.

डॉक्टर बाहेर आले. ते कानडीत बोलले, हळू, नीट. उजवा डोळा वाचत नाही. फुटला आहे, काढावा लागेल. मग त्यांनी अप्पांच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "घाबरू नका. डाव्या डोळ्याला साधा ओरखडासुद्धा नाही. एका डोळ्यानं माणूस सगळी कामं करतो. पट्टी निघाली की मुलगा तुम्हाला बघेल." आणि ते पुन्हा आत गेले.

मास्तरांनी मोठा श्वास सोडला. ते खरोखरच रडवेले झाले होते. "देवाची कृपा," ते म्हणाले. "एक तरी राहिला."

अप्पा हलले नाहीत. त्यांना कानडी येत होती, सगळं समजलं होतं. ते माझ्याकडं वळले. त्यांच्या तोंडावर राग असावा असं मला फार वाटत होतं आणि तो नव्हता.

"अण्णा," ते म्हणाले, "पोरगं म्हनलं व्हतं मला. दसऱ्याला घरी आलता तवाच सांगितलं. म्हनला, अप्पा, आता काळजी करू नका, तितं एका अण्णांना म्हाईत हाय माज्या डोळ्याचं. तवापासनं मी रातचा झोपायलो व्हतो. म्हटलं, म्हाईत असलेला एक मानूस तरी हाय त्याच्यामागं."

मास्तर माझ्याकडं बघत होते. त्यांना दोन्ही भाषा आठवत नसाव्यात.

आत डॉक्टरांना अजून माहीत नव्हतं की ज्या डोळ्यावर ते भरवसा ठेवून आहेत त्याला बारा वर्षं काही दिसत नाही. ते कोणीतरी सांगायला हवं होतं. अप्पांच्यानं उठवत नव्हतं. मी उठलो आणि डॉक्टर आत गेले होते ते दार ढकललं.